हजेरीलाही वेळ लागतो

साठ मुलांच्या वर्गात हजेरी घ्यायला तीन मिनिटे लागतात. तासाला एकदा घेतली तर कोणाची तक्रार नसते. दर पाच मिनिटांनी घेतली तर निम्म्याहून अधिक तास हजेरीतच जाईल. संगणकाच्या कामावर देखरेख करणाऱ्या प्रोग्रामांचेही असेच आहे. म्हणून ‘त्यांचा भार नगण्य असतो’ हे सरसकट विधान आम्हाला मान्य नाही. हजेरी किती जणांची आणि कितीदा, हे आधी विचारायला हवे.

लिनक्सवरील ‘टॉप’ हा प्रोग्राम पाहू. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची माहिती तो ‘प्रॉक’ विभागातील फाइलींतून वाचतो. या फाइली डिस्कवर नसतातच! मागणी आली की कार्यप्रणालीचा मुख्य भाग, म्हणजे कर्नल, आकड्यांचा मजकूर तयार करतो आणि ‘टॉप’ त्या मजकुराचे पुन्हा आकडे करतो. समजा, एका प्रोग्रामसाठी ५० मायक्रोसेकंद लागले आणि प्रोग्राम २०० आहेत. एका फेरीला १० मिलिसेकंद झाले. सर्वसाधारणपणे ‘टॉप’ची फेरी ३ सेकंदांनी होते. म्हणजे भार सुमारे ०.३ टक्के. तीच फेरी दर ०.१ सेकंदाला केली, तर १० टक्के!

‘टॉप’ स्वतःचे नावही यादीत दाखवतो, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण तो अपुरा आहे. पडद्यावर अक्षरे काढण्याचे काम दुसरा प्रोग्राम करतो आणि तो वेळ त्याच्या नावावर पडतो. शिवाय प्रोसेसरच्या कॅश स्मृतीतून इतरांची माहिती बाहेर ढकलली जाते. त्यामुळे इतर प्रोग्राम थोडे मंदावतात, पण तो वेळही त्यांच्याच खात्यावर मांडला जातो.

मग खरा भार कसा काढावा? एक-दोन मिनिटे चालणारे गणित संगणकाला द्यावे. प्रोसेसरमध्ये जितके कोअर असतील तितकी गणिते एकदम चालवावीत, नाहीतर रिकामा कोअर भार लपवील. देखरेख चालू ठेवून आणि बंद ठेवून, आलटून पालटून, पाच-पाच वेळा वेळ नोंदवावी. दोन सरासरींतील फरक नोंदींच्या आपसातील फरकापेक्षा लहान आला, तर ‘भार नाही’ असे लिहू नये. ‘या प्रयोगात आढळला नाही’ असे लिहावे.

शाळेतला जुना संगणक निकामी ठरवण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून एवढे जरूर करवून घ्यावे.