तिरक्या छपरातली खिडकी

पोटमाळा म्हणजे लागतही नाहीत आणि टाकवतही नाहीत अशा वस्तूंचं घर. उत्तर युरोपातल्या उंच, उतरत्या छपरांखालीही पिढ्यान्‌पिढ्या अडगळच नांदली. माणूस तिथे मुक्कामाला जायचा, तर आधी उजेड हवा. आपल्या कौलारू घरातलं काचेचं कौल उजेड देतं, पण उघडत नाही. विलुम कान रासमुसेन या डॅनिश इंजिनियरनं 1941 साली कंपनी काढली ती छपरातल्या, उघडमीट होणाऱ्या खिडकीसाठी. खिडकीचं नाव ठेवलं वेलुक्स: व्हेंटिलेशनमधलं ‘वे’ आणि लॅटिन ‘लुक्स’, म्हणजे प्रकाश. वारा आणि उजेड, दोन्ही नावातच.

ही खिडकी डेन्मार्कचीच का, हे आभाळ सांगतं. डिसेंबरात कोपनहेगनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर असतो, तोही बहुधा ढगांआड. पूर्ण ढगाळलेलं आभाळ माथ्यावर सर्वांत उजळ असतं, क्षितिजाच्या सुमारे तिप्पट. भिंतीतली खिडकी क्षितिजाकडे बघते. छपरातली मान वर करून नेमका तो उजळ तुकडा पकडते.

खरी कारागिरी मात्र काचेभोवती आहे. खिडकी दोन वाशांमधल्या जागेपेक्षा रुंद असली, तर मधला वासा कापावा लागतो. त्याचा भार आडवी लाकडं घालून शेजारच्या वाशांवर सोपवतात. मग आतली चौकट. छपराच्या जाडीतून ती सरळ कोरली, तर उजेड बोगद्यात अडकतो. म्हणून जाणता सुतार वरची बाजू जमिनीला समांतर ठेवतो आणि खालची उभी, काटकोनात. उजेड वर आणि खाली दोन्हीकडे पसरतो. खाली हीटर असला की ऊबही काचेवरून चढते, काच धुरकटत नाही. दोन कोनांचा फरक, पण त्यावर खोलीचा स्वभाव ठरतो.

उंचीचाही हिशेब आहे. बसलेल्याला बाहेर दिसावं आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांपुढे चौकट येऊ नये, म्हणून छप्पर जितकं निजलेलं, तितकी खिडकी लांब. छप्पर जिथे जमिनीला टेकू पाहतं, तिथे पलंग आणि पुस्तकं. चालायला मधली उंच पट्टी.

एक खोट मान्य करायला हवी: उन्हाळ्यात ही खोली तापते. पडदा काचेच्या बाहेर लावला तरच ऊन वेळीच अडतं.

मला सर्वांत आवडते ती वरच्या कडेची आडवी मूठ. खाली टेबल असलं तरी हात पोचतो. तावदान मधल्या कण्यावर फिरतं, पार उलटं होतं. बाहेरची बाजू पुसायला छपरावर चढावं लागत नाही. पावसानं माखलेली आभाळाकडची काच, फडक्याचा हात फिरेपर्यंत, घरात येऊन थांबते.