संतीचं नाटक अजून बाकी आहे

चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमाराला तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, समाधीपाशी दिंड्या जमतात. तेरला त्या दिवसांत जी कीर्तनं होतात, त्यांत चिखलाची गोष्ट येतेच. गोरोबांची बायको संती पाण्याला गेलेली, गोरोबा विठ्ठलाच्या नामात दंग होऊन माती तुडवताहेत आणि रांगत आलेलं त्यांचं मूल त्याच मातीत मिसळून जातं. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तरीही संती घागर घेऊन परत येते त्या जागी मंडपात कुणी खोकतसुद्धा नाही. कीर्तनकाराकडे नेपथ्य नसतं, प्रकाशयोजना नसते. तो आवाज जरा खाली आणतो, दोन वाक्यांपुरता संती होतो आणि लगेच निरूपणाकडे वळतो. मराठी नाटकाला जे अजून नीट साधलेलं नाही, ते इथे दर वर्षी घडतं.

या गोष्टीला नाटकाने हात घातला नाही असं नाही. कवी अशोकजी परांजपे यांनी ‘संत गोरा कुंभार’ लिहिलं आणि जितेंद्र अभिषेकींनी त्याला संगीत दिलं. ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांनी संगीत रंगभूमीला पुन्हा श्वास दिला होता, त्यानंतरचं हे नाटक. त्यातलं ‘अवघे गर्जे पंढरपूर’ प्रकाश घांग्रेकरांच्या आवाजात घराघरांत गेलं. आज आषाढी आली की अभंगवाणीच्या कार्यक्रमांत ते हमखास गायलं जातं. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना तो एखाद्या संताचा अभंगच वाटतो. कवीच्या दृष्टीने हे फार मोठं यश आहे. नाटककाराच्या दृष्टीने मात्र ते नुकसान आहे, कारण पद राहिलं आणि ते ज्या प्रसंगातून उगवलं तो प्रसंग विस्मरणात गेला.

परांजपे यांच्या बाबतीत हे विशेष खटकतं. ‘केतकीच्या बनी तिथे’ आणि ‘नाविका रे’ या सुमन कल्याणपूर यांनी गायलेल्या गाण्यांचे कवी म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण त्यांचा जीव लोकरंगभूमीत होता. मुंबईच्या इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला संशोधनाच्या कामात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. ज्या संस्थेने ‘खंडोबाचं लगीन’ शहरी प्रेक्षकांसमोर उभं केलं, तीच ही संस्था. ‘आतून कीर्तन वरून तमाशा’ हे त्यांच्या एका नाटकाचं नावच त्यांची दिशा सांगतं. २००९ मध्ये औरंगाबादला त्यांचं निधन झालं. भावगीतांच्या आठवणी तेव्हाही निघाल्या आणि आजही निघतात. एक कवी लोकनाट्याच्या अभ्यासातून संतचरित्राकडे वळतो, तेव्हा संतनाटकाच्या रूपात काय बदलतं, हा प्रश्न समीक्षेने धरून ठेवायला हवा होता. तो सुटला.

सुटण्याचं कारण जुनं आहे. संतनाटक म्हटलं की आपण एक तर हात जोडतो किंवा पदं मोजतो. ‘संत कान्होपात्रा’ (१९३१) म्हटलं की बालगंधर्व आठवतात. बिदरच्या दरबाराच्या धाकाने देवळात प्राण सोडणाऱ्या मुलीची गोष्ट मागे पडते. चित्रपटाने त्या मानाने धीर दाखवला. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाइतकीच गौरीची जिजाई लक्षात राहते. ती म्हैस सांभाळते, विठोबाला शिव्या घालते आणि तिच्यामुळेच त्या घरात खरंच चूल पेटते असं वाटतं. गोरोबांची कथा कन्नड पडद्यावरही पोचली. ‘भक्त कुंबार’मध्ये (१९७४) राजकुमार यांनी ती भूमिका केली. कथा अशी भाषा ओलांडून जाते, कारण तिचा गाभा भक्तीच्या आधी घरातल्या आघाताचा आहे.

त्या आघाताची मालकीण संती आहे. मूल तिचं गेलं. नवरा अंगावर धावून आला तेव्हा विठ्ठलाची आण घालून, मला शिवू नका, असं ती म्हणाली. गोरोबांनी ती आण अक्षरशः पाळली. वंश खुंटेल म्हणून तिने धाकट्या बहिणीशी, रामीशी, त्यांचं लग्न लावून दिलं. दोघींना सारखं वागवा असं सासऱ्याने सांगितलं, तर गोरोबा दोघींपासूनही दूर राहिले. मग एका रात्री दोघी बहिणींनी झोपलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ठेवले आणि जागं झाल्यावर त्याने ते हात तोडून टाकले. इतकं जळजळीत नाट्य कुठल्याही भाषेच्या लोकपरंपरेत सहज सापडणार नाही. आपण मात्र ते घाईने पार करतो. पंढरपूरच्या कीर्तनात टाळीसाठी उचलताच हात फुटले, मूल रांगत आलं, इथे पोचलो की आपल्याला हायसं वाटतं.

प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ने (२०१७) दाखवून दिलं की संताच्या घरातल्या बाईला मध्यावर आणलं तरी भक्ती उणी होत नाही. तुकारामांची आवली, म्हणजेच जिजाई, आणि रखुमाई एकमेकींशी बोलतात, भांडतात आणि त्या बोलण्यातून विठ्ठल अधिक जवळचा होतो. पदंही प्रसंगाच्या पोटातून येतात. गेल्या काही वर्षांतलं संगीत रंगभूमीवरचं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे असं मी मानतो.

अशा कामाला परखड समीक्षा लागते आणि तिचा धडाही गोरोबांच्याच कथेत आहे. संतमेळाव्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेतलं आणि एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले, आणि हे मडकं कच्चं असा निर्णय झाला. त्या निर्णयाने नामदेवांचा मान गेला नाही. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांच्या वाणीला नवी खोली आली. माधव मनोहर, कमलाकर नाडकर्णी या समीक्षकांच्या पिढीने नाटकं अशी ठोकून पाहिली. आता वर्तमानपत्रांत परीक्षणाची जागा आक्रसली आहे. मराठवाड्यातल्या प्रयोगांवर तर चार ओळी आल्या तरी पुष्कळ.

संतीच्या नाटकासाठी लागणारा ऐवज तेरला पडून आहे. हे सातवाहनकाळातलं तगर. इथल्या मातीतून निघालेल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहेत. त्रिविक्रमाचं विटांचं प्राचीन मंदिर गावातच उभं आहे. कुंभारकामाला इतका जुना वारसा असलेल्या गावात गोरोबांचं घर म्हणजे भक्तिपटातली चित्रित झोपडी नव्हे. ते राबत्या कारागिराचं घर आहे, जिथे माती तुडवणं हा रोजचा धंदा आहे आणि बाईचा पाण्याचा हेलपाटा त्या धंद्याचाच भाग. नव्या नाटककाराने सुरुवात या श्रमापासून करावी. आणि शेवटी मूल परत येतं तेव्हा संतीच्या तोंडी काय द्यायचं, हे त्याला स्वतः ठरवावं लागेल. परंपरेने ती जागा मोकळी ठेवली आहे.