यमकाची साक्ष

अलंकार ओळखणें म्हणजे त्याला नांव देणें, अशीच प्रस्तुत लेखकाची पुष्कळ वर्षें समजूत होती. शाळेंत विद्यार्थ्यानें ‘येथें यमक’ असें लिहिलें कीं आम्हीं पुरे गुण देत असूं. पुढें जुन्या पोथ्या चाळूं लागल्यावर ध्यानांत आलें कीं, शब्दालंकार हा काव्याचा केवळ दागिना नव्हे. तो पाठाचा साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष न घेतांच आपण पुष्कळदां पाठ ठरवितों.

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका चरणाच्या अंतीं ‘कमलाकर’ हा शब्द सरोवर या अर्थीं आहे, आणि दुसऱ्याच्या अंतीं ‘कमला-कर’ म्हणजे लक्ष्मीचा हात. नकलकारानें पहिल्या ठिकाणीं ‘पद्माकर’ लिहिलें, तर अर्थ तोच राहतो व मात्राही ६ च्या ६ भरतात. छंद अथवा कोश यांना कांहींच खटकत नाहीं. चूक उघडकीस आणतें तें एकटें यमक. तींच अक्षरें त्याच क्रमानें पुन्हां यावींत, व दोन्हीं सार्थ असल्यास अर्थ भिन्न असावा, असें त्याचें लक्षणच आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) किंवा ‘यमक्या’ म्हणून ख्यात झालेले वामन पंडित यांच्या पोथ्या तपासतांना ही कसोटी विसरून चालणार नाहीं.

मात्र कसोटी लावतांना विवेक हवा. यमकांत ब-व, ड-ल व र-ल यांचा भेद मानूं नये, अशी मोकळीक साहित्यशास्त्रानेंच दिली आहे. तेवढ्याच भेदावरून पाठ ‘शुद्ध’ करणें हा अविचार होय. शिवाय पोथींत अक्षरें सलग असतात. पदें तोडतो तो संपादक. त्यानें चुकीच्या जागीं तोडलें तर अलंकार व अर्थ दोन्हीं जातात, आणि दोष मात्र कवीच्या माथीं येतो.

सर्व अलंकारांची साक्ष सारखी बळकट नसते. अनुप्रासास व्यंजनसाम्य पुरतें. तो चतुर नकलकारही साधूं शकतो. उलट निरोष्ठ रचनेची साक्ष फार कडक. दंडीच्या दशकुमारचरितांत मंत्रगुप्त ओठ दुखावल्यामुळें ओष्ठ्य वर्ण टाळून आपली कथा सांगतो. मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणांत तर पवर्ग वर्ज्य असल्यामुळें खुद्द ‘राम’ हें नांवच घालतां येत नाहीं! तेथें एखादा ‘म’ आढळल्यास प्रथम नकलकाराचा संशय घ्यावा.

संग्राहकांस एवढीच विनंती कीं, पोथीचीं पत्रें व काल नोंदवितांना यमकभंगाचीं स्थळेंही नोंदवावींत. मूळ अक्षर खोडूं नये. शंका निराळ्या कागदावर लिहावी. खोडलेलें अक्षर पुढच्या अभ्यासकास परत मिळत नाहीं.