मोळी आणि आंघोळ



पुरस्कारांचा विषय काढला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारी पदक म्हणजे गळ्यातला पट्टा, त्याकडं बघायचंसुद्धा नाही. दुसरा म्हणतो, आपल्या माणसाला मिळालं ना, मग वाजवा हलगी. मला दोन्ही पटत नाही. मी सिनेमावेडा माणूस. राहतो बेलापुरात. आमच्या गावाच्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे श्रीरामपुरात, आणि सिनेमाही तिकडंच जाऊन बघायचा, नाहीतर नगर गाठायचं. तिथं लागत नाही ते मोबाईलवर. समीक्षकाची पदवी माझ्याकडं नाही. पदरचे पैसे घालून बघतो आणि बघितलेलं विसरत नाही, एवढंच भांडवल.

तर १ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा 'श्यामची आई'. हे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले तेव्हा पहिलंच राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. सत्तर वर्षांनी गाडी पुन्हा त्याच फलाटावर.

माझं साने गुरुजींशी भांडण नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये हा माणूस उपाशी बसला होता. पण गुरुजी म्हटलं की महाराष्ट्राला आई आठवते, उपोषण आठवत नाही. कुणाची कुठली आठवण ठेवायची, हे प्रस्थापित समाज बरोबर ठरवतो.

आणि त्या पुस्तकात एक प्रसंग आहे, तो आपण विसरता कामा नये. एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. म्हातारी महाराची. उचलून द्यायला कुणी पुढं येत नाही. श्यामची आई पोराला म्हणते, जा, मोळी उचलून दे. आणि घरी आल्यावर आंघोळ कर. त्या काळात, त्या घरात, एवढंही फार होतं, हे मी मान्य करतो. पण बघा, मोळी उचलून दिली ती म्हातारीच्याच डोक्यावर. ओझं तिचं तिच्याकडं राहिलं. पुण्य श्यामला मिळालं आणि वर आंघोळीनं विटाळही गेला.

आपल्या सिनेमाला मिळणारी बक्षिसं मला या मोळीसारखी वाटतात. उचलून देतात आणि मग आंघोळ करतात. हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, हिशेब मांडतो.

अत्र्यांनी 'श्यामची आई'नंतर 'महात्मा फुले' काढला. त्याच्या मुहूर्ताला १९५४ साली स्वतः बाबासाहेब हजर होते. गाडगेबाबांचं कीर्तन त्या चित्रपटात आहे. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं रौप्यपदक मिळालं. म्हणजे फुल्यांना या देशानं पदक दिलेलं आहे, १९५५ साली. आता २०२५ मध्ये या. अनंत महादेवन यांचा हिंदी 'फुले' ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला, लागणार होता. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण संघटनांनी ट्रेलर बघूनच आरडाओरडा केला. सेन्सॉर बोर्डानं बदल सुचवले. महार, मांग, पेशवाई हे शब्द नकोत. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, नुसतं 'कई साल' म्हणा. चित्रपट लागला २५ एप्रिलला. खरं सांगायचं तर सिनेमा फार सोज्वळ आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात दाखवावा असा. जोतिबांच्या लेखणीतली आग त्यात निम्मीही नाही. तरी त्यातले शब्द टोचले. ज्यांच्यासाठी जोतिबांनी हौद खुला केला त्यांचं नावच पडद्यावर चालत नाही! आणि हे सेन्सॉर बोर्ड ज्या माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली येतं, राष्ट्रीय पुरस्कारही तेच देतं. मोळी उचलणारा हात आणि आंघोळीचा तांब्या धरणारा हात एकाच अंगाला आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. नागराज मंजुळे करमाळ्याकडचा, पण सिनेमा शिकला नगरच्या कॉलेजात. 'पिस्तुल्या' तिथलाच. 'फँड्री' घडतो नगरजवळच्या अकोळनेरला. कैकाडी घरातला जब्या, शाळेतली शालू, काळी चिमणी, आणि गावादेखत डुकरं धरायला लागलेलं त्याचं कुटुंब. राष्ट्रगीत सुरू होतं म्हणून ते सगळे ताठ उभे राहतात आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं, हा प्रसंग बघताना मी हसलो आणि हसता हसता घशात काहीतरी अडकलं. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते जातात, तेव्हा मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले. एक शब्द बोलायची गरज पडत नाही. मराठी सिनेमात इतकं मोठं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

'फँड्री' लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. १६ एप्रिलला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचं बक्षीस नागराजला, बालकलाकाराचं सोमनाथ अवघडेला. ३ मे ला दिल्लीत समारंभ झाला. मधली तारीख नगर जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. २८ एप्रिल. जामखेड तालुक्यातलं खर्डा. सतरा वर्षांचा, शाळेत जाणारा आपला पोरगा. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढ्यावरून मारला. त्याचं नाव मी लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पडद्यावरच्या जब्याला पदक जाहीर होऊन बारा दिवस झाले होते आणि ते हातात पडायला पाच दिवस बाकी होते, तेव्हा खरा जब्या गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या कोर्टात आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते.

यात पुरस्काराचा काय दोष, असं कुणी विचारील. दोष नाही. सिनेमानं खून थांबवावा ही अपेक्षाही माझी नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या परीक्षकांनी जब्याच्या डोळ्यांना पदक दिलं, ज्या वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक छापलं, त्या पांढरपेशा जगाला जब्याच्या हातातला दगड दिसला का? शेवटी तो दगड कॅमेऱ्याकडं येतो, बघणाऱ्याच्या कपाळाकडं. त्यांनी तो 'प्रभावी शेवट' म्हणून वहीत लिहून घेतला. 'सैराट'चंही तसंच. रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारात खास उल्लेख मिळाला, २०१६ साली चित्रपटानं उभा महाराष्ट्र नाचवला. 'झिंगाट' हळदीत वाजलं, मिरवणुकीत वाजलं. शेवटची दोन मिनिटं मात्र कुणी घरी नेली नाहीत.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा मीच मांडतो, नाहीतर तुम्ही मांडालच. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. २०१४ मध्ये व्हेनिसला दोन बक्षिसं, २०१५ ला देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ, मग भारतातर्फे ऑस्करला. यात तर शाहीर आहे, संभाजी भगतांची गाणी आहेत, गटारात मेलेला कामगार आहे. म्हणजे आपल्या बोलण्यालाही पदक मिळतंच की? मिळालं, आणि त्याचा मला आनंद आहे. पण त्या चित्रपटाची ताकद कशात आहे ते नीट बघा. त्यात रडारड नाही. कामगाराची विधवा साक्ष देते तेव्हा आवाजही चढवत नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सहलीला जाऊन बाकावर डुलकी काढतात. कुणी राक्षस नाही. साध्या, सभ्य माणसांनी चालवलेलं हे यंत्र शाहिराला भरडतं. ही व्यवस्था त्यानं नावानिशी दाखवली, आणि त्याच व्यवस्थेनं त्याला सुवर्णकमळ दिलं. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार तर आपल्यातलेच, नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. कोर्टकचेरीचा अभिनय त्यांना शिकवावा लागला नसेल. हा एक चित्रपट मोळीच्या हिशेबात बसत नाही, आणि बसत नाही म्हणूनच तो पुन्हा पुन्हा बघितला पाहिजे.

दुसऱ्या टोकाला 'जय भीम'. तमिळ चित्रपट, २०२१ चा. पोलीस कोठडीत मारलेला इरुळर माणूस, त्याची गरोदर बायको, तिच्या बाजूनं उभा राहिलेला वकील. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा त्याला एकही मिळाला नाही. राष्ट्रीय एकात्मतेचं बक्षीस त्या वर्षी 'द काश्मीर फाइल्स'ला! पण आमच्या वस्तीत तो मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. तिथं परीक्षक मंडळ लागलं नाही.

आणि नीरज घायवानचा 'होमबाउंड'. २०२५ ला भारतातर्फे ऑस्करला गेला, पहिल्या पंधरात आला. दिग्दर्शक आपली जात लपवत नाही. पण त्याचा नायक चंदन लपवतो. पोलीस भरतीचा फॉर्म भरताना राखीव रकान्यापाशी त्याचा हात थांबतो. आपल्यातल्या किती जणांचा थांबला असेल! टाळेबंदीत मित्राच्या मांडीवर तो मरतो. चित्रपट मला आवडला, पण एक प्रश्न राहतोच. बाहेरच्या जगात टाळ्या मिळायच्या तर आमच्या पोरानं शेवटी मेलंच पाहिजे का? फॉर्म भरून, वर्दी चढवून, ड्यूटीवर निघालेला चंदन कुठल्या महोत्सवात चालेल?

शेवटचा हिशेब बाबासाहेबांच्या चित्रपटाचा. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'ला १९९८ सालचे तीन राष्ट्रीय पुरस्कार. इंग्रजीतला उत्कृष्ट चित्रपट, अभिनयासाठी मामुट्टी, कलादिग्दर्शनासाठी नितीन देसाई. तमिळमध्ये थिएटरात लागायला २०१० साल उजाडलं. मी तो पाहिला जयंतीला, दोन बांबूंना बांधलेल्या पांढऱ्या कापडावर, वाऱ्यानं कापड हलत असताना. पदकांनी तो आमच्यापर्यंत आणला नाही. वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून आणला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या जयंतीला डीजेच्या खर्चातून एक रात्र वजा करा. कापड बांधा, 'फँड्री' लावा, दुसऱ्या दिवशी 'कोर्ट' लावा. संपल्यावर उठू नका. बायाबापड्यांना पुढं बसवा आणि विचारा, यात आपलं काय खरं दाखवलं, काय गाळलं, आणि मोळी शेवटी कुणाच्या डोक्यावर राहिली. जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून इकडं पाठवा. बेलापूरचं मी पाठवतो.

जय भीम.