चौथा माणूस बोलत होता

कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी एकच गोष्ट बघतो: हा कोणी, कोणाला लिहिलाय. ही सवय साहित्याने लावलेली नाही, नोकरीने लावली आहे. रात्री सिस्टीम कोसळते, पहाटेपर्यंत कशीबशी उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी 'पोस्टमॉर्टेम' लिहायला बसतं. त्यात खोटं काहीच नसतं. फक्त 'मी आधीच बजावलं होतं' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतं आणि चुकीचा निर्णय सहसा अशा माणसाचा निघतो, जो आता कंपनीत नाही.

आल्वार नुन्येस काबेसा दे वाका याचं पुस्तक मी याच नजरेने वाचलं आणि तरीही त्याने मला गुंडाळलंच.

गोष्ट थोडक्यात अशी. जून १५२७मध्ये पान्फिलो दे नार्वाएस पाच जहाजं आणि सुमारे सहाशे माणसं घेऊन स्पेनहून फ्लोरिडा जिंकायला निघाला. काबेसा दे वाका या मोहिमेचा शाही खजिनदार. एप्रिल १५२८मध्ये ते फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागले. नार्वाएसने ठरवलं की जहाजं किनाऱ्याने पुढे जातील आणि तीनशे माणसं सोन्याच्या शोधात जमिनीवरून चालतील. जहाजं पुन्हा भेटली नाहीत, सोनं तर नव्हतंच. मग या लोकांनी रिकिबी आणि हाती असेल ते लोखंड वितळवून खिळे केले, अंगातल्या सदऱ्यांची शिडं शिवली, घोड्यांच्या शेपट्यांचे दोर वळले आणि पाच नावा बांधल्या. दर तिसऱ्या दिवशी एक घोडा कापून खायचा, त्याच्या पायाचं कातडं अखंड सोलून पखाल करायची. त्या पखाली समुद्रात कुजल्या. नोव्हेंबर १५२८मध्ये यातली काही माणसं आजच्या टेक्सासच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर फेकली गेली. बेटाला त्यांनी नाव दिलं मालहादो, म्हणजे दुर्दैव. तिथे ऐंशीजण होते, हिवाळा संपताना पंधरा उरले. आठ वर्षं चालून, गुलामी करून, वैदूगिरी करून १५३६मध्ये मेक्सिकोत स्पॅनिश लोकांपर्यंत पोचले ते फक्त चौघं.

आता अहवालाकडे येऊ. जहाजं सोडून आत जाण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण विरोध केला आणि तो लेखनिकाकडून नोंदवून घेतला, असं काबेसा दे वाका आवर्जून सांगतो. हे वाचून मला हसू आलं. पाचशे वर्षांपूर्वीचा 'मेल पाठवून ठेवला होता'! पुढे समुद्रात नार्वाएस सगळ्यात धडधाकट माणसं स्वतःच्या नावेत घेऊन पुढे निघून जातो आणि आता ज्याने त्याने आपला जीव वाचवावा असं सांगतो. नार्वाएस बुडाला, म्हणजे त्याची बाजू मांडायला कोणी नाही. पुस्तक १५४२मध्ये छापलं गेलं, पण ते मुळात सम्राट पाचव्या चार्ल्सला सादर केलेलं निवेदन आहे. आपल्याकडे दुसरं काही नाही, फक्त ही हकीकत आहे, तीच सेवा समजून घ्यावी, असा सुरुवातीचा सूर. घरी परतल्यावर त्याला हवं होतं फ्लोरिडाचं राज्यपालपद. ते एर्नांदो दे सोतोला आधीच मिळालेलं होतं. याला १५४०मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाताचं मिळालं.

म्हणजे हा नोकरीचा अर्ज आहे. इथे थांबून पुस्तक बाजूला ठेवता आलं असतं. पण अर्जासाठी अजिबात उपयोगाच्या नाहीत अशा गोष्टी त्यात आहेत आणि पुस्तक टिकलंय ते त्यांच्यामुळे.

बेटावरून पुन्हा निघायच्या प्रयत्नात नाव उलटते, तिघं बुडतात, उरलेले नागडे आणि थंडीने अर्धमेले किनाऱ्यावर येतात. बेटावरचे लोक त्यांना बघतात, शेजारी बसतात आणि अर्धा तास मोठ्याने रडतात. सम्राटाला हे सांगून काय मिळणार होतं? थोड्याच दिवसांत, वेगळ्या तळावर उपाशी पडलेले पाच ख्रिस्ती लोक एकमेकांना खातात. शेवटचा तेवढा शाबूत राहतो, कारण त्याला खायला कोणी उरत नाही. हे कळल्यावर हादरतात ते तिथले रहिवासी. युरोपात त्या काळी 'नरभक्षक' म्हणजे अमेरिकेतला माणूस हे समीकरण घट्ट होत चाललं होतं, आणि हा खजिनदार सरळ उलटी नोंद करून ठेवतो, विशेषणाशिवाय.

मग पोटाची साथ येते आणि बेटावरची निम्मी माणसं मरतात. हे पाहुणेच आपल्याला मारतायत, यांना संपवा, असं काहीजण म्हणतात. तेव्हा त्यांच्यातलाच एक मुद्दा काढतो की यांच्यात एवढी ताकद असती तर यांनी स्वतःची इतकी माणसं मरू दिली असती का? सगळ्या पुस्तकातला सगळ्यात स्वच्छ युक्तिवाद हा आहे. करणाऱ्याचं नाव मात्र नाही.

पुढे हे चौघं वैदू होतात. क्रूसाची खूण, फुंकर, लॅटिन प्रार्थना. एकाच्या छातीत रुतलेलं बाणाचं टोक काबेसा दे वाका सुरीने कापून काढतो आणि दोन टाके घालतो. दुसरा एक माणूस त्याला मेलेलाच दिसतो, नाडी नाही, डोळे फिरलेले. रात्री लोक येऊन सांगतात की तो उठला, चालला, जेवला. लेखक स्वतः म्हणत नाही की मी मेलेल्याला उठवलं, तो फक्त लोकांनी काय सांगितलं ते लिहितो. भाविक वाचकाला चमत्कार मिळतो आणि पाद्र्यांनी चौकशी केलीच तर लेखक मोकळा. किती सावध गडी!

या पुस्तकाबद्दल नेहमी म्हटलं जातं की जिंकायला निघालेला माणूस कपडे गळून पडल्यावर माणूस झाला. निकोलास एचेवारियाचा १९९१चा सिनेमाही साधारण याच वाटेने जातो. पटण्यासारखं आहे. परतल्यावर कित्येक दिवस त्याला अंगावर कपडे सोसत नव्हते आणि झोप जमिनीवरच लागायची. सोबत आलेल्या स्थानिकांना पकडून गुलाम करू पाहणाऱ्या स्पॅनिश सैनिकांशी तो भांडला. ते स्थानिक लोक तर मानायलाच तयार नव्हते की हे आणि ते एकाच जातीचे: हे सूर्य उगवतो तिकडून आले, ते मावळतो तिकडून, हे आजाऱ्यांना बरं करतात, ते धडधाकटांना मारतात. पण याच पानांच्या आसपास त्या लोकांना सांगितलं जातं की डोंगरातून खाली या, गावं वसवा, देवळं बांधा, ख्रिस्ती व्हा, नाहीतर तुम्हाला गुलाम केलं जाईल. काबेसा दे वाकाला हे खटकलेलं दिसत नाही. रक्त न सांडता मुलूख ताब्यात येऊ शकतो हे दाखवणं, हाच तर त्याच्या अर्जाचा मुद्दा. मला त्याचं माणूस होणं खोटं वाटत नाही, पण ते सम्राटाच्या दप्तरात मावेल एवढंच आहे.

आणि आता चौथा. एस्तेबानिको, मोरोक्कोतल्या आसेमूर गावचा, आंद्रेस दोरान्तेस या स्पॅनिश माणसाचा गुलाम. एका ठिकाणी लेखक सहज लिहून जातो की आपला दरारा टिकावा म्हणून आम्ही तिघं लोकांशी फारसं बोलायचो नाही. बोलायचं काम तो काळा माणूस करायचा, वाटा विचारायचा, पुढे कोणती गावं आहेत ते काढायचा. पुन्हा वाचा. एवढ्या भाषांच्या मुलखातून चौघं जिवंत निघाले ते वाटाघाटींवर, आणि वाटाघाटी करणारा एकच. संपूर्ण पुस्तकात त्याच्या तोंडी मात्र एक वाक्य नाही. शेवटी चौघांची ओळख येते तेव्हा तिघांची गावं आणि घराणी, याचं गाव आणि रंग.

दोरान्तेस आणि कास्तियो या दोघांनी मेक्सिकोत श्रीमंत विधवांशी लग्नं केली. एस्तेबानिको गुलामच राहिला. १५३९मध्ये मेक्सिकोच्या व्हाइसरॉयने त्याला फ्राय मार्कोस दे निसा या पाद्र्याबरोबर पुन्हा उत्तरेला वाटाड्या म्हणून पाठवलं. झुन्यी लोकांच्या हाविकू गावी तो मारला गेला.

लैला ललामी यांनी २०१४च्या कादंबरीत सगळी हकीकत त्याच्या तोंडून सांगितली आहे. कल्पना रास्त आहे, पुस्तक वाचनीयही आहे. माझी तक्रार एवढीच की तिथे तो फार नीट बोलतो, प्रत्येक गोष्टीचा अर्थ त्याला लगेच कळलेला असतो. मूळ अहवालात तो पुढे चालत गेलेला आहे, दिसत नाही, आणि मागून येणाऱ्या तिघांना गावात पोचेपर्यंत स्वागत तयार मिळतं. ती रिकामी जागा मला जास्त छळते.

वाचायचं असेल तर फॅनी बँडलिअर यांचं १९०५चं इंग्रजी भाषांतर फोनवर फुकट मिळतं, दोन-तीन रात्रींत संपतं. सुरुवातीची जहाजांची मोजदाद कंटाळवाणी वाटली तर सरळ बेटापासून धरा. मात्र वैदूगिरीची प्रकरणं सुरू झाली की वेग कमी करा, आणि चौघं गावात शिरताना कोण आधी शिरतं याच्यावर लक्ष ठेवा.