साभार परत

मराठी लेखकाने संपादकाला धाडलेले पत्र हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित आणि, माझ्या मते, सर्वांत वाईट वाङ्मयप्रकार आहे. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची चाल पाडली. तेव्हापासून मंडळी 'आपल्या दर्जेदार अंकास' लोटांगण घालीत आली आहेत.

माझेच पत्र घ्या. अंबरनाथच्या शिवमंदिरावर लेख द्यायचा होता. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेले देऊळ घरापासून चालत पंधरा मिनिटांवर! पण पत्रात आधी अकरा ओळी संपादकांची स्तुती, मग माझी नोकरी, बदलापूर लोकलची गर्दी, सौ.चा आग्रह. आणि देऊळ? ते ताजा कलमात! परतीची तिकिटे मात्र न चुकता जोडली होती. संपादकांनी तेवढीच वापरली.

उल्हासनगरचे आमचे कापडवाले सिंधी शेठ गिरणीला पोस्टकार्ड टाकीत : कोणता माल, किती तागे, कधी हवा. तीन ओळी. माल येई!

मी नवे पत्र लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत देऊळ, दुसरीत शिलालेख, तिसरीत शब्दसंख्या. 'दर्जेदार' खोडताना मात्र हात थरथरला हो.