न वठलेली हुंडी

व्हेनेझुएलाच्या सरकारनें २०१८ च्या आरंभीं ‘पेत्रो’ नांवाच्या डिजिटल चलनाची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. तें चलन जानेवारी २०२४ मध्यें बंद झालें आणि त्याबरोबर ती पत्रिकाही विस्मृतींत गेली. तथापि सरकारी डिजिटल चलनाचा विचार आज अनेक देशांत चालला असल्यामुळें, ती पत्रिका व तिच्यामागचे हुकूम पुन्हा टीकादृष्टीनें वाचणें अगत्याचें आहे. पेत्रो कां फसला याचें उत्तर कित्येक जण यंत्रांत शोधतात; आमच्या मतें तें या कागदांतच आहे.

प्रथम परिस्थिति न्यायबुद्धीनें ध्यानांत घेतली पाहिजे. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळले होते. ऑगस्ट २०१७ मध्यें अमेरिकेनें त्या सरकारची नव्या कर्जाची वाट अडविली. आणि २०१८ सालची महागाई खुद्द तेथील मध्यवर्ती बँकेच्या हिशेबानें १,३०,०६० टक्के ठरली. बुडत्यानें काडीचा आधार शोधावा यांत नवल नाहीं. पण ही काडी कशाची होती?

प्रत्येक पेत्रोमागें एक पिंप तेल आहे, असें वचन होतें. हें तेल ओरिनोको नदीच्या पट्ट्यांत, आयाकुचो नांवाच्या विभागांत, जमिनीच्या पोटांत होतें. हुकूम बारकाईनें वाचला तर धारकाच्या हातीं तेल पडण्याची सोय त्यांत आढळत नाहीं. बाजारभावाप्रमाणें बोलिव्हार किंवा दुसरें चलन मिळावें, एवढीच भाषा आहे. पेढीवरचा साधा गुमास्ताही हुंडी हातीं येतांच विचारतो कीं, ही कोणावर लिहिली आहे आणि कोण वठविणार? येथें लिहिणारा, वठविणारा व भाव सांगणारा एकच. ‘बाजारांत तुरी’ ही म्हण आपण हंसण्यावारी नेतों. तिच्यावर एका राष्ट्राचें चलन उभारलेलें पाहून हंसूं येत नाहीं.

याहून गंभीर दोष कायद्याचा आहे. त्या देशाच्या १९९९ च्या राज्यघटनेचें १२ वें कलम तेलाचे सांठे राष्ट्राची अविक्रेय मालमत्ता ठरवितें, आणि ३१८ वें कलम चलनाचा अधिकार केवळ मध्यवर्ती बँकेस देतें. पेत्रोसाठीं मात्र निराळें अधीक्षक-खातें निर्माण झालें. जानेवारी २०१८ मध्यें राष्ट्रीय सभेनें पेत्रो बेकायदा ठरविला. तरी २० फेब्रुवारीस विक्री सुरू झाली, आणि सरकारपक्षाच्याच घटनासमितीनें त्यास कायद्याचें रूप दिलें तें एप्रिलमध्यें. आधीं विक्री, मागाहून कायदा! त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें जुन्या बोलिव्हारचीं पांच शून्यें पुसून, एका पेत्रोस ३,६०० या भावानें नवा बोलिव्हार पेत्रोलाच बांधण्यांत आला. रोग्याची एक नाडी दुसऱ्या हाताच्या नाडीशीं जुळली, म्हणून तो निरोगी म्हणण्यासारखें हें झालें. पुढें २०२३ मध्यें त्या खात्याचा प्रमुखच भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत अटकेंत गेला.

यावर कोणी म्हणेल, ‘आग लागली असतां कायद्याचे सोपस्कार कसचे?’ या आक्षेपास १९२३ च्या जर्मनीचें उत्तर आहे. तेथील रेंटेनमार्कही आणीबाणीच्या अधिकारांतील हुकुमानेंच निघाला. त्याचें तारण म्हणजे शेती व उद्योगधंदे यांवरील बोजा. नोट दाखवून जमीन कोणासच मिळणार नव्हती. म्हणजे तारणाच्या बाबतींत तो पेत्रोहून फारसा भक्कम नव्हता. भेद एवढाच कीं, सरकारास किती कर्ज द्यावयाचें याची मर्यादा, १ अब्ज २० कोटी मार्क, हुकुमांतच घातलेली होती. आणि डिसेंबरमध्यें सरकार अधिक मागूं लागलें तेव्हां रेंटेनबँकेनें साफ नकार दिला. रेंटेनमार्कची पत मुख्यतः या नकारानें राखली. पेत्रोच्या कागदांत असा नकार देणारा कोणीच नाहीं.

आपल्याकडे २०२२ च्या वित्त अधिनियमानें, रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यांतील बँकनोटेच्या व्याख्येंत डिजिटल रूप समाविष्ट केलें. वाट संसदेची, आणि देणें त्याच बँकेचें. हें उचितच झालें. परंतु व्यवहाराची नोंद कोणी पाहावी, कोणाचा पैसा कोणत्या प्रसंगीं थोपवितां यावा, याविषयीं ती दुरुस्ती मौन पाळते. हें मौन सुकाळांत खुपत नाहीं. संकट आलें म्हणजे मात्र अशा मोकळ्या जागा सत्ताधारी आपल्या सोयीनें भरतात, आणि त्या वेळीं विचारणारास सवड नसते. संकटकाळच्या चलनाचा कायदा प्रजेपेक्षां सरकारास अधिक बांधणारा असावा, आणि तो संकटापूर्वींच लिहिलेला असावा. पेत्रोचे कागद वाचण्याचें सार्थक एवढ्यासाठींच आहे.